डब्यातल्या चिठ्ठ्या

आज कॉलेजात रेड रिबन क्लबचा (एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गांबद्दल जागृती करणारा विद्यार्थ्यांचा गट) कार्यक्रम घेतला. हात वर करून कुणी काही विचारेना, म्हणून कोरे कागद वाटले. मग मात्र डबा गच्च भरला!

सगळ्यात बारीक घडी घातलेल्या चिठ्ठीत होतं, "काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" खरी गोम इथेच आहे. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जिवाणू-संसर्ग बहुतेक मुलींमध्ये लक्षणांशिवायच राहतो आणि उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा करू शकतो. वेळेत कळला तर अँटिबायोटिकने बरा होतो. आणि हो, गर्भनिरोधक गोळीने संसर्ग थांबत नाही, त्यासाठी कंडोमच हवा.

दुसरी चिठ्ठी, "घरी कळेल का?" वाचून पोटात कालवलं. पोरं आजाराआधी आपल्यालाच घाबरतात. आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत होते, समुपदेशनही मिळतं, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. एचआयव्हीचा धोका वाटला तर त्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिबंधक औषधं मिळतात. जितक्या लवकर तितकं बरं. शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे.

पुढच्या सत्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लशीबद्दल बोलणार आहोत. मुलग्यांनीही यायचंय.