तुम्ही विचारलंत म्हणून: करप्यावर औषध सापडले का?

खानापूरला गेले की बसस्टँडपासून घरापर्यंत निदान तिघे तरी मला अडवून विचारतात, "काय गं, त्या भाताच्या पानांत काय शोधत असतीस? करप्यावर औषध मिळालं का?" औषध मी शोधत नाही, ते भाताचे रोप स्वतःच तयार करते, आणि कसे करते एवढेच मी पाहते.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या पावसात पाने दिवसचे दिवस ओली राहतात आणि त्यांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी असे करप्याचे, म्हणजे भाताच्या एका बुरशीजन्य रोगाचे, ठिपके उठतात. बुरशी आत शिरू लागली की रोप साकुरानेटिन नावाचे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक प्रकार) बनवू लागते, जे निरोगी पानात जवळजवळ नसतेच. त्याचा कच्चा माल म्हणजे नॅरिंजेनिन. पपनसाला कडवटपणा देणाऱ्या नॅरिंजिनमधली साखर काढून टाकली की उरते तेच हे. एक विकर, म्हणजे एन्झाइम, एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन या पेशीतल्या रेणूकडून एक मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणू) घेते आणि नॅरिंजेनिनच्या सातव्या जागेवरच्या ऑक्सिजनवर बसवते. रेणूभार 272 चा 286 होतो, बदल इतकाच. पण तेवढ्याने रेणूची पाण्यापेक्षा तेलाशी जवळीक वाढते आणि करप्याच्या बुरशीला तो नॅरिंजेनिनपेक्षा कितीतरी जास्त जाचतो.

हे विकर ओळखण्याची हकिकत मला विशेष आवडते. आधी मिथिल गट बसवणारे दुसरेच एक विकर हाती आले होते, आणि हेच ते, असे वाटत होते. पण त्याचे जनुक बंद पाडलेल्या भातातही साकुरानेटिन तयार होतच राहिले. मग जपानी संशोधकांनी त्याच बिघडवलेल्या रोपांवर अतिनील प्रकाश टाकून (त्यानेही रोप साकुरानेटिन बनवू लागते), त्यांच्या पानांतून खरे विकर वेगळे केले आणि 2012 मध्ये ते प्रसिद्ध केले. चुकीच्या उमेदवाराला आधीच बाजूला करून शोध घेण्याची ही युक्ती मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

"मग तेच फवारलं तर?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. अडचण अशी, की बुरशीही गप्प बसत नाही: ती साकुरानेटिनवरचा तो मिथिल गट उतरवून त्याचे पुन्हा नॅरिंजेनिन करू शकते. म्हणून शेजारच्या काकांना मी तूर्त एवढेच सांगते, की युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने टाका, कारण नत्र जास्त झाले की करपा बळावतो. यावर काका म्हणतात, "हे तर आमचा बाबा पण सांगत होता."