दोनशे वीस मीटर

राज्य उत्पादन शुल्क विभागात दुय्यम निरीक्षक म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांमधून मोहाच्या रसायनाची पिंपे उलटी केली आणि पळासनेरकडून उतरणाऱ्या मालमोटारींत कांद्याच्या गोण्यांखाली दडवलेली मध्य प्रदेशातील दारूही शोधली. तरीही नोकरीतला लक्षात राहिलेला दिवस कोणी विचारला, तर मी 1 एप्रिल 2017 ही तारीख सांगतो. त्या दिवशी माझ्या हातात तीस मीटरचा फीता होता आणि ज्या दुकानाला मी सील लावले तेथे दारूचा एक थेंबही कोणी बेकायदा विकलेला नव्हता.

दारू हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, परवान्यांचे प्रकार निराळे आणि अंतराचे नियमही निराळे. आमचा कायदा 1949 चा. गुजरात 1960 साली वेगळा झाला तेव्हा हाच कायदा घेऊन गेला आणि त्याच्या आधारे तिकडे दारूबंदी राहिली, इकडे परवाने राहिले. या पसाऱ्यात 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांसाठी एकच आकडा घालून दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या, किंवा त्यांच्या सेवा रस्त्यांच्या, बाहेरच्या कडेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. दुकान महामार्गावरून दिसता कामा नये आणि तेथून थेट वाटही असता कामा नये. आधीचे परवाने मुदत संपेपर्यंत चालतील, परंतु 1 एप्रिल 2017 नंतर नाहीत, असे त्यात म्हटले होते. आमच्याकडे परवान्याचे वर्ष 31 मार्चलाच संपत असल्याने दोन्ही तारखा एकमेकींना चिकटून आल्या.

खानदेशात या आदेशाचा अर्थ काय होतो, हे नकाशा न पाहताही सांगता येते. नवापुरापासून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करीत मुक्ताईनगरापर्यंत सहा नंबरचा महामार्ग जातो (नवा क्रमांक 53 असला तरी लोक सहाच म्हणतात), आणि गावांची बाजारपेठ त्याच्याच दोन्ही अंगांना वाढलेली आहे. बसथांबा, जिनिंग, पतपेढी, उपाहारगृह आणि परमिट रूम हे सारे एकाच रांगेत उभे असल्याने 500 मीटर मोजायला निघालेला माणूस बहुतेक ठिकाणी गाव ओलांडून शेतात पोहोचत असे.

जानेवारीत आम्ही सार्वजनिक बांधकाम विभागाचा एक कर्मचारी सोबत घेऊन माझ्या हद्दीतली दुकाने मोजून काढली. त्यांत महामार्गाच्या दक्षिणेला, गावाच्या जुन्या वेशीजवळ, देशी दारूचे एक सरकारमान्य दुकान होते. परवाना सीएल-3 प्रकारचा आणि फार जुना होता. सत्तरच्या दशकानंतर असे नवे परवाने देणे जवळजवळ थांबल्याने जो आहे त्याला सोन्याचे मोल असते. सासऱ्यांच्या नावावरचा तो परवाना वारसाने एका विधवा सुनेकडे आला होता आणि त्याच दुकानावर तिचे घर चालत होते. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती आणि आणखी चार दुकाने बाकी होती. मोजणीचे चाक अर्ध्या वाटेपर्यंत फिरवले, पुढे शेताच्या बांधाशी ते अडकू लागले तेव्हा उरलेले अंतर मी पावलांनी मोजले आणि नोंदवहीत 220 मीटर असा गोल आकडा लिहिला. 500 च्या आत 220 काय आणि 210 काय, दुकान बंदच होणार होते. त्या क्षणी माझा हिशेब बरोबर होता, असे आजही मला वाटते. तरीपण सरकारी नोंदवहीत गोल आकडा लिहू नये, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वृद्ध लिपिकाने बजावले होते.

31 मार्चला शुक्रवार होता. नूतनीकरणाच्या चलनांचा ढीग टेबलावर असताना संध्याकाळी बातमी आली की न्यायालयाने आपल्या आदेशात दुरुस्ती केली आहे: ज्या स्थानिक स्वराज्य संस्थेची लोकसंख्या 20,000 किंवा त्याहून कमी आहे, तेथे 500 ऐवजी 220 मीटर. त्याच आदेशाने परमिट रूमसुद्धा या बंदीत येतात हे पक्के झाल्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या हॉटेलमालकांचे चेहरे उतरले आणि लहान गावांतल्या दुकानदारांच्या चेहऱ्यांवर आशा आली. मी नोंदवही उघडली. ते गाव 20,000 च्या पुष्कळच खाली होते आणि त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात 220 लिहिलेले होते. जिल्ह्यात अंतराच्या काठावर आलेले ते एकच दुकान होते, आणि त्याला काठावर आणून बसवणारा मी होतो. अधीक्षकांना मी फोनवर खरे काय ते सांगितले. ते क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "उद्या सकाळी पंच घेऊन जा, फीत्याने मोजा आणि जे येईल ते लिहा."

सकाळी नऊ वाजताच ऊन टोचू लागले होते. दोन पंच, दोन जवान, बांधकाम विभागाचा तोच कर्मचारी आणि मी महामार्गावर उभे राहिलो, आणि पहिला प्रश्न तेथेच निघाला. महामार्गाची बाहेरची कड म्हणजे नेमकी कोणती? डांबर संपते ती, मुरुमाची साइडपट्टी संपते ती, की चौपदरीकरणासाठी घेतलेल्या जमिनीच्या हद्दीचे दगड रोवले आहेत ती? डांबरापासून दगडापर्यंत बरेच अंतर होते. दुसरा प्रश्न वाटेचा होता. शाळा किंवा देऊळ यांच्यापासूनचे अंतर मोजताना आमच्या नियमांत माणूस नेहमी ज्या वाटेने पायी जातो ती वाट धरतात. महामार्गाच्या आदेशात अंतर कोणत्या वाटेने मोजायचे याचा उल्लेखच नव्हता. मी पुन्हा फोन केला. डांबराच्या कडेपासून सरळ, गाडीवाटेने आणि हद्दीच्या दगडापासून सरळ, अशा तिन्ही पद्धतींनी मोजून तिन्ही आकडे पंचनाम्यात घ्यावेत आणि निर्णय होईपर्यंत दुकान बंद ठेवावे, असे उत्तर आले.

डांबराच्या कडेवर खिळा ठोकून आम्ही सरळ रेषेत निघालो. मधल्या शेतातली पऱ्हाटी उपटून झाली होती आणि ढेकळांतून फीता ताठ धरणे सोपे नव्हते. दर तीस मीटरला जवान खुंटी ठोकी आणि पंच खाली वाकून आकडा पाही. तोपर्यंत बांधावर माणसे जमली होती. पंधरावीस बायका एका बाजूला निराळ्या उभ्या होत्या. त्यांना मी ओळखत होतो, कारण काही वर्षांपूर्वी याच दुकानासाठी आडव्या-उभ्या बाटलीचे (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू) मतदान झाले होते आणि तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. मतदान झालेल्या मतांपैकी बहुसंख्य मते आडव्या बाटलीला पडली होती. मात्र दुकान बंद व्हायचे तर गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते लागतात. ज्या बाहेरगावी ऊसतोडीला किंवा कामाला गेलेल्या असतात त्यांची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. त्या दिवशी दुकान राहिले होते. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "साहेब, आम्ही मतं दिधात तवय बंद नही व्हयनं. आते या फीतावरी व्हई का?"

मी तिला काही उत्तर दिले नाही; देण्यासारखे माझ्याकडे नव्हतेही.

दुकानाच्या दाराच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत 213 मीटर आणि 40 सेंटिमीटर भरले. त्यानंतर गाडीवाटेने मोजले: ती वाट नाल्याला वळसा घालून येत असल्याने 231 मीटर आणि 10 सेंटिमीटर. हद्दीच्या दगडापासून सरळ मोजले तेव्हा 200 च्याही आत आले. एका आकड्याने दुकान वाचत होते आणि दोन आकड्यांनी जात होते. त्याच महिन्यात केरळमधल्या एका बारमालकाने ग्राहकांना वळणावळणाच्या आखीव वाटेने फिरवून कागदावरचे अंतर वाढवल्याची बातमी वाचून आमचे जवान हसले. मला मात्र या गाडीवाटेची आठवण झाली, कारण ती कोणी मुद्दाम आखलेली नव्हती, नाल्याने आखलेली होती.

परवानाधारक बाई दाराशी स्टूल घेऊन बसलेल्या होत्या. नूतनीकरणाचे चलन त्यांनी भरून ठेवले होते आणि ते हातातल्या पिशवीत होते. मी त्यांना तिन्ही आकडे वाचून दाखवले. त्यांनी फक्त एवढेच विचारले की जानेवारीत साहेबांनी 220 लिहिले होते ना, मग तेव्हाचे खरे की आताचे? मी सांगितले, "मावशी, आताचे. तेव्हा मी नीट मोजले नव्हते." पंचांपैकी एकाने माझ्याकडे चमकून पाहिले. हे वाक्य मी पंचनाम्यातही लिहिले. नंतर त्यावरून माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला आणि तो मी दिला.

आतला साठा मोजायला दोन तास लागले. 180 मिलिच्या आणि 90 मिलिच्या बाटल्या वेगळ्या करून, पेट्या उघडून, नोंदवहीशी ताळा करून आम्ही दाराला लाखेचे सील लावले. जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सील लागेपर्यंत थांबल्या आणि मग पाण्याच्या वेळेला घरी गेल्या. त्याच रात्री दोन किलोमीटरवरच्या एका ढाब्यामागे विनापरवाना विक्री सुरू झाल्याची खबर आली, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही तेथून मध्य प्रदेशातील लेबलांच्या बाटल्या पकडल्या. त्यानंतरही तशा खबरा येतच राहिल्या.

वरून निर्णय आला तो सरळ रेषेच्या बाजूने आला आणि दुकान बंद राहिले. बाईंनी जागा बदलण्याचा अर्ज केला, पण नव्या जागेला ग्रामसभेची संमती मिळाली नाही. जुलै 2017 मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश अडवत नाही असे स्पष्ट केले आणि शहरांतली दुकाने उघडली. गावांचा प्रश्न मात्र 23 फेब्रुवारी 2018 च्या आदेशाने राज्यांवर सोपवला गेला. त्यानंतर आमच्या राज्याने जो निर्णय घेतला त्यात हे दुकान बसले आणि सील काढायला मलाच पाठवण्यात आले.

लाख उखडली, साठा पुन्हा मोजला, कालबाह्य माल वेगळा करून नष्ट करण्यासाठी नोंदवला. म्हातारी या वेळी दिसली नाही. तिच्याबरोबरच्या दोघी रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या आणि मी पाहिल्यावर त्यांनी पदर ओढून घेतला. नूतनीकरणाच्या अहवालात महामार्गापासूनच्या अंतराचा रकाना तसाच होता. आता त्या आकड्यावर काहीच अवलंबून नव्हते. तरी मी जवानाला फीता काढायला सांगितला. रुंदीकरणाचे काम सुरू झाले होते आणि वर्षापूर्वी ज्या कडेवर मी खिळा ठोकला होता ती मुरुमाच्या थराखाली गेली होती. आम्ही नवी कड शोधली, पुन्हा ढेकळांतून मोजत गेलो आणि आलेला आकडा मी सेंटिमीटरसह लिहिला.