कंट्रोलरच बॅटरी खातोय

मंडळी, चोर सापडला! श्रावणातल्या झडीत ओढ्यावरचा, सौर पॅनेलवर चालणारा कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) पुन्हा बंद पडला. त्याला जोडलेली फवारणी पंपाची १२ व्होल्टची ८ अँपिअर-अवर बॅटरी पार १०.१ व्होल्टवर आलेली. पॅनेल ठीक, वायरी ठीक, जॅक कोरडा. दुकानदाराचं एकच, "पॅनेल मोठं घ्या."

या वेळी सगळं सोडून घरी आणलं आणि बॅटरीच्या वायरीत मल्टीमीटर घालून एकेक वस्तू तपासली. कॅमेरा झोपेत ०.३ मिलीअँपिअर ओढतो. मग नुसता पीडब्ल्यूएम कंट्रोलर जोडला, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा. पॅनेल काढलेलं, लोड काढलेला, तरी ११ मिलीअँपिअर! त्याचा तो निळा डिस्प्ले रात्रंदिवस जळतोय. ११ गुणिले २४, म्हणजे दिवसाला २६४ मिलीअँपिअर-अवर. आणि कॅमेरा? रात्री फोटोसाठी इन्फ्रारेड दिवे पेटल्यावर तो एक अँपिअरच्या आसपास जातो, पण दोन-तीन सेकंदच. रात्रीचे वीसेक फोटो धरले तरी झोपेसकट दिवसाचा हिशेब पंचवीस मिलीअँपिअर-अवरच्या पुढे जात नाही. म्हणजे राखणदारच दहापट खातोय. उन्हाळ्यात ५ वॅटचं पॅनेल हे सहज भरून काढायचं, म्हणून कळलं नाही. लिंबाच्या सावलीत आणि भरल्या आभाळाखाली ते कुठून निघणार? डिस्प्ले आणि यूएसबीवाले हे स्वस्त कंट्रोलर घराच्या दिव्यांना ठीक आहेत, ट्रॅपला अजिबात नकोत.

बंद पडायच्या आधी मात्र कॅमेऱ्याने सोनं दिलं. तरस! अगदी समोरून, आयाळ उभी, पुढचा पाय चिखलात रुतलेला. आपल्या बालाघाटच्या डोंगरात, सीताफळाच्या बांधावर. एकदा पाहून समाधान झालं नाही. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ मराठवाड्याच्या गौताळा अभयारण्यात पोचल्याचं कॅमेऱ्यानेच दाखवलं. असा पाहुणा कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बंद कॅमेरा जिवाला लागतो.

बेत असा होता की कंट्रोलरच्या जागी सीएन३७२२ चिपचं छोटं चार्जिंग मॉड्यूल आणायचं, सोबत उलटा प्रवाह अडवणारा शॉटकी डायोड. पण हे लिहिता लिहिता आकडेमोड केली आणि बेत फिरला. दिवसाला पंचवीसच लागत असतील तर ६ अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी कागदावर २४० दिवस जाते. निम्मं धरलं तरी पावसाळा निघतो. मग ओढ्यावर पॅनेल हवंच कशाला? ते चमकतं, गुराख्यांच्या नजरेत येतं, चोरीला जातं. बॅटरी डब्यात, डबा दगडाआड, बस्स. तिला चार्जर मात्र तिचाच, १४.६ व्होल्टचा, शिशाच्या बॅटरीचा लावू नका. शून्याखाली चार्ज करायची नसते, पण आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही.

टेकडीवरच्या ४जी कॅमेऱ्याला पॅनेल राहणारच, फोटो पाठवताना तो फार ओढतो. मॉड्यूल आता तिकडे बसवतो. तुमचा कंट्रोलर पॅनेल आणि लोड काढल्यावर किती ओढतो ते मोजून कळवा, कोणतं मॉडेल तेही सांगा.