अ‍ॅड ब्लॉकर बंद पडला, ब्राउझर बदलला आणि पावती अडकली : माझा अनुभव

"क्रोम यूज माडी." म्हणजे क्रोम वापरा. अ‍ॅडमिशन पोर्टलच्या हेल्पलाइनचं बस्स, एवढंच उत्तर. फोन लावा, मेल टाका, फी भरलीय पण पावती येत नाही म्हटलं की समोरून हेच, आणि मी सांगतोय की साहेब पैसे कट झालेत, पोरगी समोर बसलीय, पावतीचं काय ते सांगा, ब्राउझरचं नंतर बघू, तरी परत तेच. अजून डोक्यातून जात नाही म्हणून सगळं लिहून काढतोय, कारण खानापूर, बेळगाव, निपाणीकडे माझ्यासारखी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं चालवणारे बरेच जण आहेत आणि सगळ्यांच्या क्रोममधला, जाहिराती अडवणारा, जुना अ‍ॅड ब्लॉकर एकाच कारणाने बंद पडलाय.

आमच्या धंद्यात अ‍ॅड ब्लॉकर ही चैन नाही. फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत पाहिजे, सही २० केबीच्या आत, म्हणून फोटो लहान करून देणाऱ्या कुठल्यातरी फुकट साइटवर जावं लागतं, तिथे पानावर हिरवी जाड डाउनलोडची बटणं चार दिसतात आणि खरी लिंक खाली बारीक अक्षरात असते. समोर गर्दी, शेवटची तारीख, घाईत चुकीच्या बटणावर क्लिक पडला तर भलतीच फाइल उतरते, आणि ह्याच कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं, मार्कशीटं, पहाणीचे (जमिनीचे) उतारे असतात. युब्लॉक ओरिजिन (तोच माझा ब्लॉकर) होतं तोवर ती हिरवी बटणं दिसायचीच नाहीत.

मग ते बंद झालं. गुगलने २०१८ मध्येच सांगितलं होतं की एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रामचे, नियम बदलणार, मॅनिफेस्ट व्ही-३ म्हणतात त्याला. २०२४ च्या जूनपासून जुनी एक्स्टेन्शनं टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली, काही काळ आपल्याला ती परत चालू करता यायची, २०२५ मध्ये तेही गेलं. फरक काय ते कोगनोळी नाक्यावरून सांगतो. आधी नाक्यावर आपला माणूस उभा असायचा, प्रत्येक गाडी बघायचा आणि जागेवर ठरवायचा की सोडायची का अडवायची. आता आपल्या माणसाने नाकेवाल्याकडे आधीच नंबरांची यादी द्यायची, आणि अडवायचं काम नाकेवाला करणार, म्हणजे ब्राउझर. यादीलाही मर्यादा आहे, एका एक्स्टेन्शनला ३०,००० ठरलेल्या नियमांची हमी, त्याच्या वर जागा उरली असेल तर सगळ्या एक्स्टेन्शनांनी वाटून घ्यायची. शिवाय याद्या आधी थेट अपडेट व्हायच्या, त्या आता बहुतेक करून एक्स्टेन्शनच्या नव्या व्हर्जनबरोबर येतात. जाहिरातवाले रोज रस्ता बदलतात, तिथे हा उशीर नडतो.

गुगलचं म्हणणं सुरक्षेसाठी आणि वेगासाठी केलंय. त्यात तथ्य आहे, जे एक्स्टेन्शन तुमचं प्रत्येक पान बघू शकतं ते वाईट माणसाच्या हातात गेलं तर सगळंच गेलं. पण कुणावर विश्वास टाकायचा ते मला ठरवू द्या ना. आणि जी कंपनी जाहिरातींवर चालते तिनेच अडवायचे नियम ठरवायचे हे मला पटत नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

ब्राउझर निवडायला फार वेळ लागला नाही. एज आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच पाया, तिथेही हेच नियम येणार. ब्रेव्हसुद्धा क्रोमियमवरच आहे पण त्याचा ब्लॉकर ब्राउझरच्या आतच बांधलेला, एक्स्टेन्शन नाही, म्हणून त्याला ह्या बदलाचा फटका नाही, घरी भावाला तोच टाकून दिलाय. दुकानात फायरफॉक्स घेतला, कारण तो बनवणाऱ्या मोझिलाने जागेवर अडवायची जुनी सोय ठेवणार असं सांगितलंय आणि पूर्ण युब्लॉक ओरिजिन तिथे चालतं. बुकमार्क आले, सगळं आलं, जाहिराती गेल्या.

आणि अ‍ॅडमिशनचा सीझन आला.

जांबोटीकडची एक पोरगी, बरोबर वडील. तिचे दोन्हीकडचे फॉर्म भरायचे होते, इकडे कर्नाटकातला आणि तिकडे महाराष्ट्रात सीमावादग्रस्त भागाच्या कोट्यातून, आपल्याकडची बरीच मुलं असंच करतात. त्यातलं एक पोर्टल, नाव लिहीत नाही. फॉर्म भरला, फोटो चढला, फी यूपीआयने गेली, फोनवर मेसेज आला, आणि स्क्रीनवर पांढरं पान. नुसतं पांढरं, वर पोर्टलचा पत्ता आणि खाली काही नाही. रिफ्रेश केलं तर सेशन संपलं. परत लॉगिन केलं तर फीपुढे पेंडिंग. वडील म्हणाले, "पैसे गेले की वो, मग पावती का येईना?" त्यांचं बरोबर होतं.

इथे एक सांगून ठेवतो, पेंडिंग दिसलं की घाबरून परत फी भरू नका. यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर असतो तो लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा आणि मग पुढचं.

मग हेल्पलाइन. आधी कन्नड रेकॉर्ड, मग इंग्रजी, मग गाणं, मग कट. लागला तेव्हा क्रोम यूज माडी. मी कन्नडमध्ये सगळं सांगितलं, पैसे कट झालेत, यूटीआर आहे, पान पांढरं येतंय, पलीकडून पूर्ण ऐकून न घेताच तेच वाक्य. पेंडिंग कधी सुटणार विचारलं तर म्हणे क्रोममध्ये बघा. ती माणसं दिवसभर जमिनीचं काम सोडून आलेली, त्यांना मी काय सांगू, की बाबांनो ब्राउझर बदला?

त्यांना चहा दिला, बाकी गिऱ्हाईक भावाकडे दिलं आणि बसलो. पहिला संशय युब्लॉकवर. त्याच्या चिन्हावर क्लिक केलं की मोठं पॉवरचं बटण येतं, ते त्या साइटपुरतं बंद केलं, रिफ्रेश, परत पांढरं. त्याचा लॉगर, म्हणजे नोंदींचं पान, उघडला, कुठली विनंती अडवली की तिथे लाल ओळ येते. एकही लाल ओळ नाही. म्हणजे ब्लॉकरचा संबंधच नव्हता, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण काही अडलं की लोक आधी अ‍ॅड ब्लॉकर काढून टाकतात.

दुसरं, पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह असतं, फायरफॉक्सचं स्वतःचं ट्रॅकिंग संरक्षण. पेमेंटचं पान दुसऱ्या कंपनीचं असतं, आणि दुसऱ्याच्या कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा, फायरफॉक्स प्रत्येक साइटसाठी वेगळ्या ठेवतो म्हणून इकडची ओळख तिकडे लागत नाही. ते संरक्षण त्या एका साइटपुरतं बंद केलं. पान आलं! फी यशस्वी, तारीख, रक्कम, सगळं. पोरगी उठून उभी राहिली.

पण पावतीचं बटण दाबलं तर काही होईना. दाबतोय, दाबतोय, काही नाही. मग वर पट्टी दिसली, ह्या साइटची पॉप-अप विंडो अडवली म्हणून. त्या पोर्टलची पावती नव्या विंडोत उघडते! पट्टीवरच्या बटणातून त्या साइटला परवानगी दिली, परत दाबलं, पावती समोर, प्रिंटर चालू.

ती दोघं गेल्यावर मला राहवेना की क्रोममध्ये हे कसं चालायचं. क्रोमची त्या साइटची सेटिंग उघडली तर पॉप-अपपुढे परवानगी दिलेली, जुनी, कधीची कोण जाणे. बुकमार्क नव्या ब्राउझरमध्ये येतात, परवानग्या येत नाहीत. मग क्रोममध्येच नवं कोरं प्रोफाइल केलं, जुन्या अर्जाची पावती काढून बघितली, आणि तिथेही अडकली! म्हणजे पावतीपुरतं तरी क्रोम वापरा हे उत्तर मुळातच चुकीचं होतं, ज्याने परवानगी दिलीय त्याचं चालतं आणि ज्याने नाही त्याचं अडतं, ब्राउझर कुठलाही असो. मी त्यांना मेल केला, चित्रांसकट, की पावतीच्या बटणाखाली एक ओळ टाका, पॉप-अपला परवानगी द्या म्हणून, कन्नडमध्ये टाका, इंग्रजीत टाका, गावागावातल्या लोकांचा त्रास वाचेल. उत्तर आलं, क्रोम वापरा.

असो. आता ती परवानगी मी आधीच देऊन ठेवतो, आणि आसपासच्या दुकानदारांना जाऊन दाखवून आलो, त्याचं मला समाधान आहे.

क्रोम मी काढलेला नाही. कन्नड पान राइट क्लिक करून मराठीत वाचायची सवय गिऱ्हाइकांनाही झालीय, पोर्टल समजावून सांगायला ते लागतं. तिथे युब्लॉक ओरिजिन लाइट टाकलंय, ओरिजिन बनवणाऱ्यानेच नव्या नियमांत बसवून केलेलं. रोजच्या वापराला ठीक आहे, जाहिराती उरल्या तर त्याच्या चिन्हात बेसिक, ऑप्टिमल, कम्प्लीट असे टप्पे आहेत ते वाढवून बघा. पण पूर्ण युब्लॉकची ती बरोबरी नाही, हे बनवणाऱ्यानेच सांगितलंय.

टाकताना नाव नीट बघा. नुसतं युब्लॉक हे वेगळंच आहे, आपल्याला ओरिजिन पाहिजे, बनवणारा रेमंड हिल. आणि अ‍ॅडब्लॉक प्लस टाकलं तर काही "चालतील अशा" जाहिराती ते सुरुवातीपासून दाखवतं, सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं.

फोनवर अँड्रॉइडचा क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही, फायरफॉक्स घेतो, तिथेही युब्लॉक ओरिजिन चालतं. पोरं फोनवरूनच फॉर्म भरतात, त्यांना हे सांगा.

आणि हो, पासवर्ड. क्रोममधून ते सीएसव्ही फाइल काढून फायरफॉक्समध्ये घेता येतात, पण त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे असतात, कुणीही नोटपॅडमध्ये वाचू शकतो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहू देऊ नका, काम झालं की लगेच डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही.