आपली कढई निघते का त्यात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या मुलुंडच्या घरी डिशवॉशर आहे हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आपली तेलकट कढई निघते का हो त्यात?" निघते. पण कढई कशाची आहे ते आधी सांगा.

स्टीलची असेल तर खुशाल ठेवा. कढई-पातेल्यांसाठीच्या कडक प्रोग्रॅममध्ये पाणी 70 अंशांच्या आसपास तापतं, कडेला धरलेली फोडणीही सुटते. अ‍ॅल्युमिनियमची मात्र ठेवू नका. मशीनची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते, तिने अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंची 30 वर्षं वापरातली कढई मी अशी काळी केली. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. बिडाचा तवाही हातानेच घासायचा, नाहीतर मुरलेल्या तेलाचा थर जातो आणि गंज चढतो. पोळपाट-लाटणं फुगतं, चिरतं. म्हणून दुकानात जाण्याआधी घरातली रोजची भांडी एकदा ओट्यावर मांडा. त्यात स्टील, काच आणि चिनी माती जास्त असेल तरच मशीनचा विचार करा.

घ्यायचं तर मोठं घ्या. 12 किंवा 14 'प्लेस सेटिंग' (म्हणजे तितक्या माणसांच्या जेवणाची भांडी) हा हिशेब ताटल्या, बश्या, पेले, चमचे धरून केलेला असतो. आपली पातेली आणि कुकरचे डबे त्यात बसत नाहीत, म्हणून चौघांच्या घरालाही लहान मशीन अपुरं पडतं. मोठ्याला साधारण 60 सेंटीमीटर रुंदी लागते. आम्ही ते ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी बसवलं. नळ आणि सांडपाण्याची वाट तिथे होतीच, फक्त 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला.

जड पाणी मृदू व्हावं म्हणून मशीनमध्ये वेगळं मीठ घालतात, त्याबद्दलही खूपजण विचारतात. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी मृदू आहे, त्यामुळे पालिकेच्या पाण्यावर मिठाची सेटिंग अगदी खालची चालते. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ती वाढवा, नाहीतर पेल्यांवर पांढुरके डाग राहतात. घरातलं आयोडीनयुक्त मीठ घालू नका.

सासूबाईंचा खरा आक्षेप खरकट्याचा होता. खरकटी भांडी रात्रभर पेटीत कोंडायची, हे त्यांना पटेना. मला त्यात तथ्य वाटलं. म्हणून शितं, साली चमच्याने काढून टाकायच्या आणि जेवणं आटोपली की लगेच मशीन लावायचं, असं ठरलं. नळाखाली विसळायची मात्र गरज नाही, तेवढ्यात मशीनचं अख्ख्या फेरीचं दहा-बारा लिटर पाणी वाहून जातं. तळाची जाळी दर रविवारी धुते. ती तुंबली तर तेच गढूळ पाणी पुन्हा भांड्यांवर उडतं.

"भांडी निघतच नाहीत" म्हणणाऱ्यांकडे मी आधी मांडणी बघते. वाट्या उताण्या, एकीत एक खोचलेल्या, आणि उंच पातेल्याला अडून फवाऱ्याचं फिरतं पातं थांबलेलं. दार लावण्याआधी ते हाताने एकदा फिरवून बघा.

काळवंडलेल्या कढईत मी चिंचेचं पाणी उकळलं. बरीच उजळली. आता ती रोज हातानेच घासली जाते, माझी वेळ आली की मीही तशीच घासते.