मेलवरचा पत्ता बरोबर होता

पूर्वीच्या एका ऑफिसात मी मेल आणि सर्व्हर सांभाळायचो. एके सकाळी अकाउंट्सच्या मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात एका मेलची प्रिंट. मेल साहेबांच्या नावाने आलेला: पुरवठादाराचं बँक खातं बदललंय, आजच पैसे पाठवा, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. मॅडमनी पैसे पाठवले होते. साहेबांनी मेल पाठवलाच नव्हता.

"पत्ता तपासला होता हो मी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

खरंच तपासला होता. पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर होता. फक्त उत्तर ज्या पत्त्यावर जाणार होतं तो वेगळा होता, आणि तो उत्तर द्यायला घेतल्याशिवाय दिसत नाही.

मेल ज्या एसएमटीपी नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे मेल पोचवायच्या नियमांवर, चालतो, तो १९८२ सालचा. पाठवणारा जे नाव सांगतो ते खरं आहे का, हे पडताळायची सोय त्यात नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसंच. पुढे तीन गोष्टी आल्या. आमच्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते एसपीएफ सांगतं, डीकेआयएम मेलवर सही करतं, आणि या तपासणीत मेल नापास झाला तर काय करायचं ते डीमार्क ठरवतं. आमच्याकडे डीमार्क होतं, पण 'नन'वर. म्हणजे मेल खोटा निघाला तरी आत सोडायचा, फक्त रिपोर्ट पाठवायचा. ते रिपोर्ट माझ्याकडे यायचे. मी ते कित्येक महिने उघडले नव्हते.

त्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये मॅडमना सगळ्यांसमोर बोल लावले गेले. मग स्लाइड लागली: अनोळखी मेल उघडू नका. मी गप्प बसलो.

त्या स्लाइडचा मला आजही राग येतो. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' वर्म (स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम) पसरला, तेव्हा मेल ओळखीच्याच माणसांकडून येत होते. जोडलेली फाइल उघडली की तो आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायचा. त्या फाइलचं नाव टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस, म्हणजे चालणाऱ्या स्क्रिप्टची खूण, असं संपत होतं. पण ओळखीच्या फाइल-प्रकारांची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाच्या शेवटची अशी अक्षरं, लपवायची ही विंडोजची मूळ सेटिंग, त्यामुळे व्हीबीएस दिसायचंच नाही. लोकांना दिसली ती साधी टेक्स्ट फाइल. जे पडद्यावर दिसतच नव्हतं, ते त्यांनी ओळखायचं कसं?

आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आलेल्या २५ जानेवारी २००३ च्या एसक्यूएल स्लॅमरच्या वेळी तर कुणी क्लिकच केलं नव्हतं. अवघ्या ३७६ बाइटांचा वर्म, नेटवर्कवरच्या एकाच यूडीपी पॅकेटमध्ये मावणारा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी लागण झालेल्या मशिन्सची संख्या दुप्पट होत होती. सुरक्षेत भोक असलेली बहुतेक मशिन्स दहा मिनिटांत गेली. ते भोक बुजवणारा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, जुलै २००२ मध्येच आला होता. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय वर्मचंही तेच: पॅच १४ मार्च २०१७ ला, हल्ला १२ मे ला.

पॅच का रखडतात ते मला माहीत आहे. चालू सर्व्हरला हात लावला आणि काही बंद पडलं, तर रात्री फोन आपल्यालाच येतो. काही ठिकाणी तर एसक्यूएल सर्व्हरचं इंजिन दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेलं होतं. मालकालाही पत्ता नव्हता. म्हणून अ‍ॅडमिनला सरसकट नालायक मी म्हणणार नाही. पण मग क्लिक करणाऱ्यालाही म्हणू नये.

आमचं डीमार्क 'रिजेक्ट'वर न्यायला मला तीन आठवडे लागले. बिलांचे मेल बाहेरची एक सेवा आमच्या डोमेनवरून पाठवायची, ती आधी एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये नीट बसवावी लागली. झाल्यावर मॅडमना जाऊन सांगितलं की तसा मेल आता आपला सर्व्हरच नाकारेल, आणि हे आधीही करता आलं असतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

त्याच संध्याकाळी मी साहेबांना सगळं लेखी कळवलं. मीटिंगला जे जे होते, त्या सगळ्यांना सीसी करून.