स्ट्रॉबेरी शॉर्टकेकचे जुने टीव्ही स्पेशल

आज स्ट्रॉबेरी शॉर्टकेक या कार्टून मुलीचे १९८० ते १९८५ चे सहाही स्पेशल सलग पाहिले. वर्षाला एक, अर्ध्या तासाचा. अमेरिकन ग्रीटिंग्ज या कंपनीच्या भेटकार्डावर ही मुलगी एकदा काढली की झालं. पडद्यावर सेकंदाला १२ चित्रं धरली तरी मिनिटाला ७२० होतात. त्यात तिचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मोजे! पट्टे प्रत्येक सेलवर, म्हणजे चित्राच्या पारदर्शक शीटवर, हाताने रंगवायचे. केसभर सरकले तरी पाय थरथरताना दिसतो. खरा घोळ मात्र पात्रांच्या गर्दीचा. केनर या खेळणी कंपनीच्या बाहुल्या विकायच्या, म्हणून प्रत्येकीची ओळख करून द्यायची, मग गोष्टीला वेळ कुठून उरणार? १९८२ च्या भागात तर पाळीव प्राण्यांचीही भर. तरी खलनायक पर्पल पायमॅन आला की जान येते, कारण बेरी चोरायला तो मनापासून धडपडतो.